प्रस्तावना : क्लॅमिडियाचा संसर्ग, उंदीर आणि टीएलआर-२ हा ग्राही

क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जिवाणूमुळे स्त्रीच्या जननमार्गाला होणारा संसर्ग बहुतेक वेळा कसलीही चाहूल न देता येतो, काही महिने राहतो आणि पुष्कळदा औषधावाचून निघूनही जातो. मात्र काही स्त्रियांच्या अंडवाहिन्यांमध्ये, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्यांना 'नळ्या' किंवा 'ट्यूब' म्हटले जाते त्या अवयवांमध्ये, तो असे व्रण मागे ठेवतो की पुढे गर्भ राहणे अवघड होते, किंवा राहिलाच तर तो गर्भाशयाबाहेर, नळीतच रुजून स्त्रीच्या जिवावर बेततो. हे व्रण जिवाणू स्वतः करतो की त्याला हुसकावण्यासाठी धावून आलेली शरीराची प्रतिकारयंत्रणा करते, हा या रोगाच्या अभ्यासातला जुना आणि अजूनही पुरता न मिटलेला वाद आहे. प्रस्तुत पुस्तकाचा विषय या वादाच्या एका लहानशा, पण फार बोलक्या भागापुरता मर्यादित आहे: पेशींच्या पृष्ठभागावर असणारा टोल-लाइक रिसेप्टर २, संक्षेपाने टीएलआर-२, हा ग्राही प्रयोगशाळेतल्या उंदरांमधून काढून टाकला असता क्लॅमिडियाच्या संसर्गाचे काय होते, आणि त्यावरून माणसाविषयी काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही. 'ग्राही' म्हणजे पेशीवर किंवा पेशीच्या आत असलेले असे प्रथिन की ज्याला ठरावीक आकाराचा रेणू येऊन चिकटला म्हणजे पेशीच्या आत संदेशांची मालिका सुरू होते. प्रतिकारयंत्रणेतले ग्राही जंतूंचे रेणू ओळखतात आणि त्या संदेशांतून दाह, ताप, सूज, पेशींची धावपळ असे सारे पुढचे घडते.

असा विषय नाशिकमध्ये मराठीतून मांडण्याला एक कारण आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशिक येथे स्थापन झाले आणि राज्यभरातील वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या या शाखांची महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या होऊ घातलेल्या डॉक्टराच्या अभ्यासक्रमाचा आणि परीक्षेचा पत्ता नाशिकचा झाला. हा डॉक्टर प्रतिकारशास्त्र इंग्रजीत शिकतो आणि सुरगाणा, पेठ, कळवण किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातून आलेल्या बाईचे दुखणे मराठीत, कोकणा बोलीत किंवा बागलाणातल्या अहिराणीत ऐकतो. 'अंगावरून जातं', 'ओटीपोट दुखतं', 'दिवस राहत नाहीत' ही तिची भाषा आणि टोल-लाइक रिसेप्टर ही त्याची भाषा, यांच्यामध्ये वाचकाला उभे राहायला जागा देणारे मराठी लेखन फार थोडे आहे. नाशिकलाच डिसेंबर २०२१ मध्ये भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्याकडे होते, ही गोष्ट येथे सहज आठवते. खगोलशास्त्राला मराठीत जे भाग्य लाभले ते प्रतिकारशास्त्राला लाभलेले नाही, आणि त्याचे कारण विषय अवघड आहे एवढेच नसून तो ज्या अवयवांशी येऊन भिडतो त्यांच्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची सवय समाजाला नाही, हेही आहे.

ही सवय नसण्याची किंमत किती, याचे मोजमाप महाराष्ट्रातच झालेले आहे. राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांमधील ६५० स्त्रियांची तपासणी करून जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचे आढळले, एकेका स्त्रीमागे अशा आजारांची सरासरी ३.६ निघाली आणि या साऱ्या आजारांत जननमार्गाच्या जंतुसंसर्गांचा वाटा निम्मा होता. ४५ टक्के स्त्रियांची तक्रार काहीच नव्हती, आणि पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा अभ्यास क्लॅमिडियासाठी केलेला नव्हता. तरीही तक्रार नसणे आणि रोग नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याने इतक्या ठसठशीतपणे दाखवले की क्लॅमिडियाचा विचार करणाऱ्याला त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागते. क्लॅमिडियाची लागण झालेल्या स्त्रियांपैकी बहुसंख्य स्त्रियांना कसलेही लक्षण जाणवत नाही, आणि आपल्याकडील सरकारी उपचारपद्धती तर लक्षणांवर आधारलेली आहे: जिल्हा रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लक्षणसमूह पाहून रंगानुसार ठरवलेली औषधांची पाकिटे दिली जातात, त्यांपैकी करड्या रंगाच्या पहिल्या पाकिटात ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम असते, आणि गर्भाशयमुखाच्या दाहासाठी ते योग्यही आहे. मात्र जिला दाह जाणवतच नाही ती त्या खिडकीपर्यंत येत नाही. आणि जी येते तिचा जिवाणू औषधाने मरतो, पण अंडवाहिनीत आधीच पडलेला व्रण औषधाने भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ या वयोगटात जगभर क्लॅमिडियाचे सुमारे १२ कोटी ८५ लाख नवे संसर्ग झाले. व्रण कसा पडतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रयोगशाळेच्या कुतूहलाचा राहत नाही.

हा जिवाणू मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही, कारण डोळ्यांत खुपऱ्या होऊन पापणी आत वळवणारा आणि शेवटी दृष्टी घालवणारा रोग याच जातीच्या काही उपप्रकारांचा. १९०७ साली हाल्बरश्टेटर आणि फॉन प्रोव्हाझेक यांनी जावा बेटावर ओरांगउटानच्या डोळ्यांत खुपरीच्या रुग्णाचा स्राव घालून पाहिला आणि पेशींच्या आत दिसणाऱ्या कणांच्या पुंजक्यांचे वर्णन केले. पुढे कित्येक दशके हा जंतू विषाणू समजला जात होता, कारण जिवंत पेशीबाहेर तो वाढत नाही. १९५७ साली चीनमधील तांग फेइफान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कोंबडीच्या अंड्यात वाढवल्याचे प्रसिद्ध केल्यानंतर आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रचना उलगडल्यानंतर तो जिवाणूच आहे हे निश्चित झाले. भारतात खुपरीचे राष्ट्रीय नियंत्रण १९६३ साली सुरू झाले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून ती संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. जननमार्गातल्या त्याच्या भावंडाच्या बाबतीत अशा घोषणेच्या जवळपासही कोणताच देश गेलेला नाही.

क्लॅमिडियाचे जीवनचक्र समजून घेतल्याशिवाय पुढचे प्रयोग समजणार नाहीत. हा जिवाणू दोन रूपांत वावरतो. पेशीबाहेर तो सुमारे ०.३ मायक्रोमीटर आकाराच्या, टणक कवचाच्या आणि जवळपास निद्रिस्त अशा 'प्राथमिक कणा'च्या रूपात असतो. हा कण गर्भाशयमुखाच्या अस्तरपेशीत शिरला की पेशीच्या आतच एका पटलाच्या पिशवीत राहतो, मोठा होऊन 'जालिका कण' बनतो, विभागत जातो, आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा शेकडो प्राथमिक कण तयार करून पेशी फोडून किंवा अखंड पिशवीसह बाहेर पडतो. जनुकसंचय जेमतेम दहा लाख मूलघटकांचा, त्याशिवाय सुमारे साडेसात हजार मूलघटकांचे एक वर्तुळाकार प्लाझ्मिड, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा छोटा तुकडा. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर जगणाऱ्या या जिवाणूकडे अंडवाहिनी फाडून टाकणारी जालीम विषे आहेत असे दिसत नाही. त्याच्या बाह्यपटलातील लिपोपॉलिसॅकराइड हा रेणूदेखील आतड्यातील नेहमीच्या जिवाणूंच्या तशाच रेणूपेक्षा कितीतरी पटींनी सौम्य आहे. मग नुकसान होते कशाने, हा संशय येथूनच शरीराच्या स्वतःच्या प्रतिसादाकडे वळतो.

या संशयाची परीक्षा माणसावर करता येत नाही, कारण कोणा स्त्रीला मुद्दाम संसर्ग देऊन तिच्या नळ्या उघडून पाहणे हे कोणत्याही काळी अक्षम्यच ठरले असते. म्हणून उंदीर. क्लारा निग यांनी १९४२ मध्ये उंदरांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया करणारा एक 'अज्ञात विषाणू' वर्णिला होता. तोच आज क्लॅमिडिया म्युरिडेरम या नावाने ओळखला जातो, आणि १९८१ मध्ये अल्मेन बॅरन यांच्या गटाने तो मादी उंदराच्या योनिमार्गात सोडून जननमार्गाच्या संसर्गाचे प्रारूप तयार केले. प्रयोगाच्या साधारण आठवडाभर आधी उंदरीला मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन टोचतात, म्हणजे तिचे ऋतुचक्र थांबते आणि संसर्ग एकसारखा लागतो. मग ठरावीक दिवसांनी योनिमार्गातला स्राव बोळ्यावर घेऊन त्यातले जिवंत जिवाणू पेशीसंवर्धनात मोजतात. सुमारे चार आठवड्यांत उंदीर संसर्गातून मोकळा होतो, पण तोवर जिवाणू वर चढून अंडवाहिनीपर्यंत पोचलेला असतो, आणि नंतर शवविच्छेदनात पुष्कळ उंदरांच्या नळ्या पाण्याने फुगलेल्या सापडतात. स्त्रीरोगतज्ज्ञ ज्याला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात तेच हे, आणि सोनोग्राफीत किंवा नळ्यांच्या क्ष-किरण तपासणीत ते नाशिकच्या कोणत्याही वंध्यत्व-उपचार केंद्राला परिचित आहे. उंदराच्या या प्रारूपाची खरी उपयुक्तता अशी की त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या मोजता येतात: जिवाणू किती आणि किती दिवस टिकला, आणि नळीचे किती नुकसान झाले. पुस्तकातले पुढचे सगळे विवेचन या दोन मोजमापांच्या परस्परसंबंधाभोवती फिरते.

आता ग्राहीविषयी. प्रतिकारशक्तीचे दोन थर मानले जातात: अर्जित, म्हणजे एखाद्या जंतूशी गाठ पडल्यावर घडणारी आणि त्याची स्मृती ठेवणारी, आणि उपजत, म्हणजे जन्मापासून तयार असलेली, जिला जंतूचे नाव-गाव ठाऊक नसते पण जंतूंच्या जातीला समान असणारी काही ठळक लक्षणे ओळखता येतात. अशी लक्षणे ओळखणारे ग्राही असले पाहिजेत, हे चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये जवळपास निव्वळ तर्काने मांडले होते. १९९६ मध्ये ब्रुनो लेमेत्र, ज्यूल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की फळमाशीच्या गर्भवाढीत आधीच ठाऊक असलेले टोल नावाचे जनुक तिला बुरशीच्या संसर्गापासूनही वाचवते. १९९७ मध्ये रुस्लान मेझितोव आणि जेनवे यांनी माणसातला त्याचा भाईबंद शोधला. आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने जिवाणूंच्या लिपोपॉलिसॅकराइडला दाद न देणाऱ्या उंदरांच्या एका जुन्या वाणात टीएलआर-४ या जनुकातच बिघाड असल्याचे सिद्ध केले. २०११ च्या नोबेल पारितोषिकात हॉफमन आणि बॉयटलर हे दोघे होते; जेनवे त्याआधीच निवर्तले होते. माणसात या कुळातले दहा ग्राही कार्यरत आहेत, उंदरात बारा. टीएलआर-२ हा त्यांपैकी जिवाणूंच्या लिपोप्रथिनांना, म्हणजे मेदाचे शेपूट असलेल्या प्रथिनांना, प्रतिसाद देणारा, टीएलआर-४ लिपोपॉलिसॅकराइडला, टीएलआर-३ पेशीच्या आतल्या कप्प्यांत राहून दुपदरी आरएनएला. जपानमधील शिझुओ अकिरा यांच्या प्रयोगशाळेने यांतील एकेक जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले, आणि मग एकेक ग्राही वजा करून रोगाकडे पाहणे शक्य झाले.

टोनी डार्व्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'त जे काम प्रसिद्ध केले ते याच वजाबाकीचे, आणि या पुस्तकाचा गाभाही तेच. त्यांनी साधे उंदीर, टीएलआर-२ नसलेले उंदीर आणि टीएलआर-४ नसलेले उंदीर यांना तोच जिवाणू दिला. पेशींच्या पातळीवरच फरक स्पष्ट होता: टीएलआर-२ नसलेल्या महाभक्षी पेशींनी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या मोठ्या पांढऱ्या पेशींनी, टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ हे दाह चेतवणारे संदेशवाहक रेणू लक्षणीयरीत्या कमी तयार केले. टीएलआर-४ नसलेल्या पेशींनी मात्र ते उलट जास्तच तयार केले, त्यामुळे टीएलआर-४ हा येथे इतर ग्राहींना थोडा लगाम घालत असावा असे संशोधकांनी सुचवले. जिवंत उंदरांमध्ये काय झाले हे याहून मोलाचे. टीएलआर-२ नसलेल्या उंदरांच्या स्रावात पहिल्या आठवड्यात टीएनएफ-अल्फा आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणारा एमआयपी-२ हा रेणू कमी आढळला. संसर्गाची वाटचाल, म्हणजे जिवाणूंची संख्या आणि ते नाहीसे होण्याचा काळ, साध्या उंदरांसारखीच राहिली. आणि तरीही कित्येक दिवसांनी पाहिले असता अंडवाहिनीचे आणि तिला धरून ठेवणाऱ्या पटलाचे नुकसान लक्षणीयरीत्या कमी होते. टीएलआर-४ गेल्याने नुकसानात काहीच फरक पडला नाही.

हा निकाल किती अनपेक्षित आहे याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण पाठ्यपुस्तकी संस्कार असा की पहारेकरी हटवला तर चोराचे फावते. येथे पहारेकरी हटवला, चोराचे काही फावले नाही, आणि घरातली मोडतोड मात्र कमी झाली. म्हणजे या जिवाणूला जननमार्गातून घालवण्याचे काम आणि नळीला इजा करणारा दाह ही एकाच प्रतिसादाची अविभाज्य अंगे नाहीत. निदान उंदरात तरी ती वेगळी करता येतात. जिवाणू घालवण्याचे काम प्रामुख्याने सीडी-४ या लसीका पेशी आणि त्यांनी स्रवलेला इंटरफेरॉन-गॅमा हा संदेशवाहक रेणू करतात, हे इतर अनेक प्रयोगांनी दाखवले होते. टीएलआर-२ ने चेतवलेली न्यूट्रोफिलांची पहिली लाट त्या कामाला फारसा हातभार लावत नाही, पण तिच्यातून बाहेर पडणारी विकरे अंडवाहिनीच्या नाजूक, केसल पेशींच्या अस्तराला सोसत नाहीत.

या निष्कर्षाला दुसऱ्या बाजूने, म्हणजे ग्राहीऐवजी जिवाणूत बदल करून, पुष्टी मिळाली. कॅथरीन ओ'कॉनेल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्लाझ्मिड गमावलेला क्लॅमिडिया म्युरिडेरम वापरला. प्लाझ्मिड नसलेला हा जिवाणू पेशींमधील टीएलआर-२ ला चेतवू शकत नव्हता. उंदरांना त्याची लागण होत होती, पण अंडवाहिनीला इजा होत नव्हती, आणि त्याहून विशेष म्हणजे त्या उंदरांना नंतर मूळ जिवाणू दिला तेव्हाही त्यांच्या नळ्या वाचल्या. मग २०१२ मध्ये गिनीपिगच्या क्लॅमिडियावर झालेल्या कामात प्लाझ्मिड काढूनही जिवाणू टीएलआर-२ ला चेतवत राहिला, आणि त्याची रोगकारकताही टिकून राहिली. प्लाझ्मिड गेले तरी ग्राही चेतत असेल तर इजा होते, ग्राही चेतत नसेल तर होत नाही. दोन वेगळ्या प्राण्यांतले हे दोन विरुद्ध निकाल एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि एखाद्या गृहीतकाचा याहून प्रामाणिक साक्षीदार मिळणे कठीण.

येथे या क्षेत्रातल्या दोन विचारपंथांची ओळख करून देणे आवश्यक आहे. एक पंथ मानतो की इजा ही अर्जित प्रतिकारशक्तीची करणी आहे: पुन्हापुन्हा संसर्ग होत गेला म्हणजे जिवाणूच्या काही प्रथिनांविरुद्ध विलंबित अतिसंवेदनशीलता तयार होते आणि प्रत्येक नव्या भेटीत दाह भडकतो. दुसरा पंथ रिचर्ड स्टीफन्स यांनी २००३ मध्ये पेशीय सिद्धान्त म्हणून मांडला: लागण झालेल्या अस्तरपेशी स्वतःच दाहाचे संदेश सोडतात आणि सगळी मालिका तेथून सुरू होते, त्यासाठी स्मृतीची गरज नाही. टीएलआर-२ चे प्रयोग दुसऱ्या पंथाला बळ देतात, आणि डेन्मार्कमधील एका गटाने २००७ मध्ये माणसाच्याच अंडवाहिनीचे तुकडे प्रयोगशाळेत जिवंत ठेवून केलेले कामही: त्या तुकड्यांत रक्तातून येणाऱ्या पेशींची फौज नव्हती, तरीही इंटरल्यूकिन-१ या रेणूमुळे अस्तराची हानी सुरू झाली आणि त्याचा अडथळा करणारे प्रथिन घातल्यावर ती थांबली. तथापि पहिला पंथ खोडून निघाला असे म्हणणे घाईचे होईल. १९६० च्या दशकात खुपरीवर लशींच्या चाचण्या झाल्या, त्यांत तैवान, गँबिया यांबरोबर पंजाबातील खेड्यांतली मुलेही होती. मिळालेले संरक्षण अल्पजीवी ठरले, आणि माकडांवरच्या प्रयोगांत लशीनंतर पुन्हा लागण झाल्यावर दाह अधिक तीव्र झाल्याचे दिसले. त्या अनुभवाने लशीचे संशोधन कित्येक वर्षे गारठले, आणि तो अनुभव केवळ अस्तरपेशींच्या आधारे समजावता येत नाही. दोन्ही पंथ आपापल्या अवयवाच्या, आपापल्या प्राण्याच्या आणि आपापल्या काळाच्या बाबतीत बरोबर असावेत, असे या पुस्तकाचे मत आहे.

टीएलआर-२ ला सर्वस्वी खलनायक ठरवण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तोच क्लॅमिडिया म्युरिडेरम नाकावाटे, फुप्फुसांत दिला गेला, आणि तेथे टीएलआर-२ नसलेल्या उंदरांचा आजार साध्या उंदरांपेक्षा अधिक गंभीर झाला. तोच जिवाणू, तोच ग्राही, निराळा अवयव, आणि निकाल उलटा. इतर ग्राहींचे वागणेही एकसारखे नाही. विल्बर्ट डर्बिग्नी यांच्या गटाने अंडवाहिनीच्या पेशींत इंटरफेरॉन-बीटा तयार होण्यासाठी टीएलआर-३ लागतो हे २०१० मध्ये दाखवले, आणि २०१८ मध्ये टीएलआर-३ नसलेल्या उंदरांत जिवाणू अधिक प्रमाणात बाहेर पडतात व गर्भाशयाचे नुकसान वाढते हेही. दुपदरी आरएनए ओळखणाऱ्या ग्राहीला एका जिवाणूत नेमके काय सापडते, हे कोडे आकर्षक आहे. दुसरीकडे, उमा नागराजन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये इंटरफेरॉन-बीटासारख्या रेणूंचा ग्राहीच काढून टाकला तेव्हा उंदीर संसर्गातून लवकर सुटले आणि त्यांच्या नळ्याही कमी बिघडल्या. टीएलआर-३ सोडून या कुळातले बहुतेक ग्राही ज्याच्यामार्फत संदेश पाठवतात तो मायडी-८८ हा मध्यस्थ काढला तर मात्र जिवाणू हटायला उशीर लागतो. तेव्हा एक दार बंद करणे आणि संपूर्ण वाडाच बंद करणे यांत अंतर आहे, आणि औषध म्हणून दाहाच्या मुळावरच घाव घालू पाहणाऱ्यांनी ते लक्षात ठेवलेले बरे.

उंदराकडून माणसाकडे येताना आणखी एक दरी ओलांडावी लागते. माणसाच्या पेशीत इंटरफेरॉन-गॅमा क्लॅमिडियाला उपाशी मारतो: तो ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा साठा संपवणारे विकर तयार करवतो. जननमार्गातल्या क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिसने यावर तोड काढलेली आहे. आसपासच्या योनिमार्गातील इतर जिवाणूंनी सोडलेल्या इंडोलपासून तो स्वतः ट्रिप्टोफॅन बनवतो, आणि डोळ्यातल्या उपप्रकारांना ते जमत नाही. उंदराच्या पेशी ही उपासमारीची युक्ती वापरतच नाहीत. त्यांच्याकडे जिवाणूची पिशवी फोडणाऱ्या जीटीपेझ प्रथिनांचे निराळे कुळ आहे, आणि क्लॅमिडिया म्युरिडेरमने त्या कुळाला चुकवण्याची सोय केली आहे. म्हणजे यजमान आणि जंतू यांची प्रत्येक जोडी आपापला जुना झगडा घेऊन आलेली असते. उंदराने प्रश्न नेमका करून द्यावा आणि उत्तर माणसात शोधावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवली तर निराशा होत नाही. नेदरलँड्समधील एका गटाने २००९ मध्ये स्त्रियांच्या टीएलआर-२ जनुकातील वारसागत फरक आणि क्लॅमिडियानंतरची नळ्यांची इजा यांचा संबंध तपासला आणि जनुकाच्या एका रूपाचा संबंध इजा कमी होण्याशी असल्याचे नोंदवले. अशा अभ्यासांत रुग्णसंख्या थोडी असते. उंदरातला प्रश्न माणसात विचारता येतो, हे त्यातून मिळालेले खरे धन.

लशीचा विचार करणाऱ्यांना या ग्राहीचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. प्रथिनाची लस एकटी फारशी प्रभावी नसते, तिच्याबरोबर प्रतिकारयंत्रणेला जागे करणारे सहायक द्रव्य द्यावे लागते, आणि बहुतेक सहायक द्रव्ये या ना त्या उपजत ग्राहीमार्फतच काम करतात. क्लॅमिडियाच्या जननमार्गीय संसर्गाविरुद्धच्या सीटीएच-५२२ या लसीची, लंडनमध्ये ३५ निरोगी स्त्रियांच्या सहभागाने झालेली पहिली मानवी चाचणी २०१९ मध्ये 'द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन सहायक द्रव्यांची तुलना होती आणि दोन्ही गटांत लस सुरक्षित व प्रतिकारजनक ठरली. कोणता ग्राही जागा करायचा आणि कोणता निजू द्यायचा, ही निवड करताना २००३ च्या उंदरांची आठवण ठेवावी लागते.

महाराष्ट्रात या विषयाला एक असा पैलू आहे की ज्याचा विचार युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांना सहसा करावा लागत नाही. तेथे बंद झालेल्या नळ्यांचे नाव काढले की संशय प्रथम क्लॅमिडियाकडे जातो. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोग हाही तितकाच, कित्येकदा अधिक, संभाव्य आरोपी असतो, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत चिकटलेल्या, फुगलेल्या नळ्या पाहून या दोहोंतला भेद प्रत्येक वेळी करता येतोच असे नाही. क्षयाच्या जिवाणूची लिपोप्रथिनेही टीएलआर-२ च ओळखतो. एकाच ग्राहीवर दोन वेगळे जिवाणू येऊन एकाच नळीत दाह चेतवत असतील, एकाच स्त्रीत दोघांची हजेरी लागत असेल, तर त्या दाहाचे गणित उंदराच्या एकाकी संसर्गापेक्षा वेगळे असणार. नळ्यांच्या तपासणीसाठी ज्या स्त्रियांची दुर्बिणीची शस्त्रक्रिया होणारच आहे, त्यांच्या संमतीने गर्भाशयमुखाच्या स्रावाची क्लॅमिडियासाठी जनुकीय चाचणी, ऊतीच्या तुकड्याची क्षयासाठी चाचणी आणि रक्तातून टीएलआर-२ जनुकाचे वाचन, असे तिन्ही एकत्र पाहता येईल. त्यासाठी उंदीरघर लागत नाही, शस्त्रक्रियागृह, शीतकपाट आणि नीट ठेवलेली नोंदवही लागते, आणि या तिन्ही गोष्टी नाशिकमधल्या एखाद्या शिक्षण-रुग्णालयात पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी जमवता येण्याजोग्या आहेत.